आरोपीचा खुलासा आणि आरोपीचे मौन

आरोप झालेल्या माणसाने तोंड उघडले, तर ‘खाई त्याला खवखवे’ म्हणायचे आणि तो गप्प राहिला, तर मौन हीच संमती मानायची, अशी लोकन्यायाची दुहेरी रीत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की आरोप प्रश्नरूपाने मांडणारा मथळाही माणसाची प्रतिमा जवळजवळ थेट आरोपाइतकीच मलिन करतो; आरोप नाकारणारा मथळाही थोडाफार डाग ठेवून जातो. वृत्तपत्रांनी हे ध्यानात ठेवावे असेच आहे.

न्यायालयाला मात्र असा कौल देता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. नंदिनी सत्पथी प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू केले. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्या पुराव्याविषयी प्रश्न विचारतात. पूर्वीचे हे कलम ३१३, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५१ झाले आहे. या वेळी आरोपीला शपथ दिली जात नाही. उत्तर देण्यास नकार दिला किंवा खोटे उत्तर दिले, तरी त्याबद्दल शिक्षा होत नाही. लेखी विनंती करून त्याला शपथेवर साक्षही देता येते. पण ती दिली नाही म्हणून त्यावर भाष्य करण्यास वा प्रतिकूल अनुमान काढण्यास कायद्याने मनाई केली आहे.

खुलासा केला आणि तो खोटा निघाला, तर? येथे शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९८४ चा निकाल मूलगामी ठरतो. पुण्यातील एका नवविवाहितेच्या १९८२ मधील मृत्यूबद्दल पतीला सत्र न्यायालयाने सुनावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष मुक्त केले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी आधी स्वतंत्रपणे पूर्ण झाली असेल, तरच खोटा बचाव तिला जादा कडी म्हणून जोडता येतो; तुटलेली साखळी त्याने सांधता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ही भूमिका रास्तच म्हणावी लागेल, कारण भेदरलेला निरपराध माणूसही खोटे बोलतो.

मौनालाही मर्यादा आहेत. घराच्या चार भिंतींआड घडलेल्या खुनाबाबत त्या वेळी घरात असलेल्यांनी खुलासा केला पाहिजे, त्यांचे मौन ही साखळीतील आणखी एक कडी ठरू शकते, असे त्रिमुख मारोती किरकन खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तथापि, तेथेही गुन्ह्याचा प्राथमिक पाया सरकार पक्षालाच रचावा लागतो.