गाड्या बदलण्याचे ठिकाण : पोर्टलंडचे गेटवे स्थानक

अमेरिकेच्या वायव्येकडील ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात ८४ आणि २०५ क्रमांकाचे दोन आंतरराज्य महामार्ग शहराच्या पूर्व भागात एकमेकांना मिळतात. या महामार्गांच्या सांध्याला लागूनच गेटवे हे लाइट रेलचे स्थानक आणि त्याला जोडलेले बसस्थानक आहे. ‘ट्रायमेट’ या सार्वजनिक वाहतूक संस्थेने ५ सप्टेंबर १९८६ रोजी पोर्टलंड ते ग्रेशम हा सुमारे २४ किलोमीटरचा पहिला मार्ग सुरू केला, तेव्हापासून हे स्थानक सेवेत आहे. पुढे विमानतळाकडे जाणारा आणि दक्षिणेकडे जाणारा असे आणखी दोन मार्ग येथूनच फुटले. येथे उतरणाऱ्या बहुतेक प्रवाशांना मात्र गेटवेला यायचेच नसते. त्यांना पुढची गाडी किंवा बस पकडायची असते.

लाइट रेल म्हणजे ट्रामचीच सुधारलेली पिढी. मुंबईकरांनी १९६४ पर्यंत पाहिलेली ट्राम संपूर्ण प्रवास रस्त्यावरूनच करीत असे. पोर्टलंडची ‘मॅक्स’ गाडी शहराच्या मध्यभागी मोटारींच्या सोबतीने, सिग्नल पाळत चालते. बाहेर पडल्यावर मात्र महामार्गालगतच्या स्वतंत्र रुळांवरून ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगाने धावते. गाडीला डबे दोनच असतात. मध्यवर्ती पोर्टलंडमध्ये दोन चौकांमधील अंतर अवघे २०० फूट, म्हणजे ६१ मीटर आहे. गाडी याहून लांब झाली, तर थांब्यावर उभी असताना तिचे शेपूट चौकात येऊन आडवी वाहतूक अडवेल. एकोणिसाव्या शतकात आखलेल्या रस्त्यांनी आजच्या रेल्वेची लांबी ठरवून टाकली, ती अशी.

या मार्गाचा जन्म एका रद्द झालेल्या रस्त्यातून झाला. शहराच्या आग्नेय भागातून ‘माउंट हूड फ्रीवे’ नावाचा महामार्ग नेण्याची योजना होती व त्यासाठी हजाराहून अधिक घरे पाडावी लागणार होती. रहिवाशांचा विरोध वाढत गेला. तत्कालीन महापौर नील गोल्डश्मिट यांनी त्याची बाजू घेतली आणि १९७४ मध्ये नगर परिषदेने हा महामार्ग नाकारला. त्याआधीच्या वर्षी संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने अशा रद्द महामार्गांचा निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळविण्याची मुभा दिली होती. पोर्टलंडने तिचा लाभ घेतला. ज्या रस्त्यामुळे घरे गेली असती, त्याच रस्त्याच्या पैशांचा मोठा वाटा रेल्वेसाठी उपयोगी आला. अमेरिकेत त्या काळी असे क्वचितच घडत असे.

उपनगरातील स्थानकाची खरी अडचण अंतराची असते. दाट वस्तीच्या शहरात प्रवासी चालत स्थानकावर येतो. पूर्व पोर्टलंडमध्ये घरे विरळ आहेत, रस्ते रुंद आहेत आणि अनेक ठिकाणी पदपथांचाही पत्ता नाही. तेथे रेल्वेपर्यंत माणूस आणून सोडण्याचे काम बसलाच करावे लागते. म्हणून गेटवेची आखणी करतानाच फलाटापासून काही पावलांवर बस लागतील, अशी सोय ठेवण्यात आली. मोटारीने येणाऱ्यांसाठी विनामूल्य वाहनतळही आहे. तिकिटाची रचना याच विचाराने केलेली आहे. जानेवारी २०२४ पासून प्रौढांसाठी २.८० डॉलरचे तिकीट अडीच तास चालते. तेवढ्या वेळात बस, रेल्वे, पुन्हा बस असे कितीही वेळा वाहन बदलता येते व प्रत्येक वेळी नवे तिकीट काढावे लागत नाही.

तिकिटाचा प्रश्न असा सुटला, तरी वेळेचा उरतोच. रेल्वे पंधरा मिनिटांनी आणि बस अर्ध्या तासाने असेल, तर गाडीला दोन मिनिटे उशीर झाल्याने प्रवाशाचा अर्धा तास जाऊ शकतो. ऑक्टोबर ते एप्रिल या पावसाळी महिन्यांत तो अर्धा तास महामार्गाच्या घरघराटात उभे राहून काढावा लागतो. रात्रपाळी संपवून निघालेल्या कामगाराला शेवटची बस चुकणे म्हणजे काय, हे नकाशावरच्या रंगीत रेषा सांगत नाहीत.

विमानतळाकडे जाणारी रेड लाइन १० सप्टेंबर २००१ रोजी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर दहशतवादी हल्ले झाले, देशभरातील विमानतळ बंद पडले आणि नव्या मार्गाचा नियोजित उत्सव रद्द करावा लागला. दक्षिणेकडे क्लॅकमस टाउन सेंटरपर्यंत जाणारी ग्रीन लाइन १२ सप्टेंबर २००९ रोजी आली. तिला जागा शोधावी लागली नाही. २०५ क्रमांकाच्या महामार्गाची आखणी झाली, तेव्हाच, म्हणजे १९७० च्या दशकात, बससाठी स्वतंत्र पट्टा राखून ठेवलेला होता. तीस वर्षांनी तो रेल्वेच्या कामी आला.

रेड लाइनच्या बाबतीत मात्र अशी दूरदृष्टी दिसली नाही. खर्च वाचविण्यासाठी गेटवेजवळ आणि विमानतळाजवळ एकेरी रूळ टाकण्यात आले होते. समोरून गाडी आली, की दुसरीला थांबावे लागे आणि त्या उशिराचे पडसाद शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत उमटत. ‘अ बेटर रेड’ या प्रकल्पात येथे दुहेरी रूळ आणि नवा पूल बांधण्यात आला. त्यासाठी २०२३ मध्ये काही महिने विमानतळाची रेल्वे बंद ठेवून पर्यायी बस चालवाव्या लागल्या. ४ मार्च २०२४ रोजी ‘गेटवे नॉर्थ’ हा नवा फलाट सुरू झाला व त्याच वर्षी २५ ऑगस्टपासून रेड लाइन पश्चिमेकडे हिल्सबरोपर्यंत वाढविण्यात आली. विमानतळाहून शहराकडे जाणाऱ्या गाड्या आता या नव्या फलाटावर थांबतात. गाड्यांची अडवणूक कमी झाली. पण सामान घेऊन विमानतळाहून येणाऱ्या आणि येथे बस पकडणाऱ्या प्रवाशाला जुन्या स्थानकापर्यंत चालत जावे लागते.

१९९५ मध्ये महानगर परिषदेने आखलेल्या विकास आराखड्यात गेटवे हे उपनगरी केंद्र म्हणून निश्चित करण्यात आले होते. तीन मार्गांच्या सांध्यावर दुसरे शहरकेंद्र उभे राहील, ही अपेक्षा होती. वाहनतळाच्या काही भागावर वैद्यकीय केंद्राची इमारत आली, आसपास काही निवासी संकुले झाली. पण दुकाने, कचेऱ्या आणि रस्त्यावरची वर्दळ अपेक्षेइतकी वाढली नाही. दोन महामार्गांनी वेढलेल्या जागेत पायी फिरण्याजोगे शहर वसविणे सोपे नव्हते.

त्यामुळे गेटवेचे महत्त्व वाहन बदलण्याच्या सोयीपुरतेच राहिले आणि ती सोय फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून आहे. २०२५ मध्ये ट्रायमेटने अर्थसंकल्पातील तुटीमुळे सेवाकपात जाहीर केली. एखाद्या बसची फेरी घटली, तर त्या मार्गावरील प्रवाशाची गैरसोय होतेच. शिवाय ती बस रेल्वेला जोडणारी असेल, तर तिच्या आधाराने केलेला पुढचा सगळा प्रवासही कोलमडतो.