बर्लिनहून लंडनला आलेली पोरं

इलिंग स्टुडिओच्या विनोदी चित्रपटांची मालिका ‘ह्यू अँड क्राय’पासून सुरू झाली, पण लोकांना आठवतो तो ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’. दिग्दर्शक दोन्हींचा एकच, चार्ल्स क्रायटन. १९४७ सालच्या ‘ह्यू अँड क्राय’मध्ये जो कर्बी या पोराला पत्ता लागतो की आपण वाचतो त्या साप्ताहिकातल्या रहस्यकथेतून चोरांची टोळी सांकेतिक निरोप धाडते आहे. मोठी माणसं त्याला उडवून लावतात. शेवटी लंडनभरातून शेकडो पोरं धावत येतात आणि पडक्या इमारतींमध्ये चोरांना लोळवतात.

हा शेवट आला कुठून?

एक उत्तर नावातच आहे: ‘ह्यू अँड क्राय’ म्हणजे हाकाटी. १२८५ च्या विंचेस्टर कायद्यानुसार चोर दिसला की हाकाटी करायची आणि साऱ्या गावानं त्याच्या मागे लागायचं. पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क युद्धकाळात स्वतः राखीव पोलिस होता, त्यामुळे हे मूळ पटण्यासारखं आहे. पण त्या कायद्याची सक्ती होती ती मोठ्या माणसांवर, आणि इथे मोठी माणसं ढिम्म बसून आहेत.

माझं बोट एरिख केस्टनरच्या ‘एमिल’कडे जातं. १९२९ च्या त्या कादंबरीत बर्लिनची पोरं झुंडीनं चोराला घेरतात. चोरलेल्या नोटांना टाचणीनं पडलेली भोकं हा पुरावा ठरतो. १९३१ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, पटकथा बिली वाइल्डरची. आता खरा दुवा: एका दिवसापुरतं लंडन पोरांच्या ताब्यात जावं, ही कल्पना क्लार्कची नव्हे, निर्मितीत सहभागी असलेल्या हेन्री कॉर्नेलियसची. क्लार्कनं तिच्याभोवती गोष्ट रचली. आणि हा कॉर्नेलियस, जन्मानं दक्षिण आफ्रिकेचा, तरुणपणी बर्लिनमध्ये माक्स राइनहार्टकडे नाट्यकला शिकला होता; नाझी सत्तेवर आल्यावर त्यानं जर्मनी सोडली. नाटक-सिनेमात बुडालेल्या या तरुणानं ‘एमिल’ पाहिला असणारच.

कुणी म्हणेल, ‘एमिल’चा इंग्रजी चित्रपटही १९३५ मध्ये आला होता, मग बर्लिनपर्यंत जायचं कशाला? कारण कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याचं शिक्षणच त्या शहरात झालं होतं.

क्लार्कची भर मात्र अस्सल आहे. केस्टनरचा चोर आगगाडीत खिसा कापतो. क्लार्कचे चोर पोरांच्या लाडक्या साप्ताहिकातच दडून बसतात, आणि ॲलिस्टर सिमनं रंगवलेल्या भेदरट लेखकाला आपल्याच कथेत काय शिरलंय याची खबर नसते. ढिगाऱ्यावर बसून तोंडानं विमानांचे आणि बॉम्बचे आवाज काढणारं ते पोरगं तर शंभर टक्के लंडनचं. केस्टनरनं एमिल लिहिला तेव्हा बर्लिनच्या पोरांनी हे आवाज ऐकलेच नव्हते.