रक्त राखणारें औषध आणि मेंदूची आंकडी

वैद्यकाचा इतिहास ही केवळ विजयांची मालिका नव्हे. एका संकटावर योजलेला उपाय पुष्कळदां दुसरें संकट बरोबर घेऊन येतो, आणि त्याची ओळख पटण्यास वर्षें लागतात. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर कांहीं रोग्यांस येणाऱ्या आंकडीची हकीकत याच जातीची आहे.

दि. ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें डॉ. जॉन गिबन यांनीं एका १८ वर्षांच्या तरुणीचें हृदय उघडून आंतील पडद्याचें भोंक शिवलें. त्या वेळीं २६ मिनिटेंपर्यंत तिच्या हृदयाचें व फुप्फुसांचें सर्व काम एका यंत्रानें केलें. उघड्या हृदयावर शस्त्र चालविण्याचा मार्ग असा खुला झाला. परंतु त्याबरोबर एक नवी अडचणहि आली. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठूं नये म्हणून रोग्यास हेपॅरिन द्यावें लागे. शिवाय परक्या पृष्ठभागाशीं संबंध आलेलें रक्त स्वतःच्याच गुठळ्या जोरानें विरघळवूं लागे. त्यामुळें हृदय दुरुस्त झालें तरी रक्तस्राव लवकर आवरत नसे.

यावरील एक उपाय जपानांत निघाला. महायुद्धानंतरच्या ओढाताणीच्या काळांत उताको ओकामोटो व त्यांचे पति शोसुके ओकामोटो यांनीं संशोधनासाठीं रक्त हाच विषय निवडला. नमुना कमी पडल्यास स्वतःचें रक्त वापरतां येईल, हाहि त्यांतील एक विचार होता. बाळंतपणांत रक्तस्रावानें मरणाऱ्या स्त्रिया त्यांच्या डोळ्यांपुढें होत्या. १९६२ सालीं त्यांनीं ट्रानेक्सॅमिक ॲसिडविषयीं निबंध प्रसिद्ध केला. हें औषध गुठळी विरघळण्याची क्रिया रोखतें.

हृदयशल्यकांनीं त्याचा स्वीकार केला. तथापि अनेक ठिकाणीं ॲप्रोटिनिन हें दुसरें औषध अधिक पसंत केलें जाई. २००७ सालीं कॅनडांतील एका मोठ्या चाचणींत ॲप्रोटिनिन घेतलेल्या रोग्यांत मृत्यु अधिक आढळले आणि त्याची विक्री थांबली. मग ट्रानेक्सॅमिक ॲसिडाचा वापर वाढला, आणि कित्येक ठिकाणीं मात्राहि मोठी दिली जाऊं लागली.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडावी, रोगी भुलींतून जागा होऊं लागावा, आणि तोंच त्याचे हातपाय झटक्यांनीं ताठावेत, असे प्रसंग घडूं लागले. प्रथम संशय जुन्या कारणांवर गेला: रक्तांत शिरलेला हवेचा बुडबुडा, किंवा मेंदूच्या धमनींत अडकलेली गुठळी. हीं कारणें खरींच आहेत व आजहि प्रथम तींच तपासावीं लागतात. परंतु २०१० सालीं दोन केंद्रांतील नोंदी तपासल्या असतां आंकडीचें प्रमाण शेंकडा १.३ वरून ३.८ वर गेलेलें दिसलें. आंकडी आलेल्या २४ हि रोग्यांस ट्रानेक्सॅमिक ॲसिडाची मोठी मात्रा दिलेली होती.

याचें कारण टोरांटो येथील संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें. मेंदूंतील उत्तेजनास आवर घालणारें ग्लायसिन नांवाचें एक द्रव्य आहे. ट्रानेक्सॅमिक ॲसिडाची घडण त्याच्यासारखीच असल्यानें तें त्याची जागा अडवितें, पण त्याचें काम करीत नाहीं. लगाम सुटला कीं घोडा उधळतो, तसें मेंदूचें होतें. भुलीचें औषध असेपर्यंत ही उधळण दबलेली राहते. भूल उतरतांच ती प्रकट होते.

मग औषध टाकून द्यावें काय? ऑस्ट्रेलियांतील संशोधकांच्या पुढाकारानें ४,६०० हून अधिक रोग्यांवर झालेल्या चाचणीनें २०१७ सालीं उत्तर दिलें. औषधानें रक्तस्राव कमी झाला. आंकडीचें प्रमाण मात्र शेंकडा ०.१ ऐवजीं ०.७ आलें. चाचणी चालू असतांनाच आंकडीच्या बातम्या लक्षांत घेऊन मात्रा दर किलो वजनामागें १०० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली होती. त्याच वर्षीं सुमारें २०,००० बाळंतिणींवरील चाचणींतून, अवघ्या एक-दोन ग्रॅम औषधानें रक्तस्रावाचे मृत्यु घटतात, हेंहि दिसून आलें. ओकामोटो बाईंचा मूळ हेतु असा सफळ झाला. तो पाहण्यास मात्र त्या उरल्या नव्हत्या. त्या २०१६ सालीं वारल्या.

अति तेथें माती, ही म्हण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. परंतु अति कोठें सुरू होतें, तें म्हणीनें कळत नाहीं. त्यासाठीं प्रत्येक आंकडीची नोंद करणारा आणि ती सर्व शांतपणें मोजून पाहणारा मनुष्य लागतो.