बाईंचं केडगाव

माझी पणजी कोणत्या गावची, हे आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही. मध्य प्रांतातली, एवढंच. 1896-97 च्या दुष्काळात ती पोरकी झाली आणि पंडिता रमाबाईंनी तिकडून आणलेल्या मुलींबरोबर आगगाडीत बसून पुण्याकडे आली. सहा वर्षांची असेल, सातही असेल. आईबापांची नावं तिच्या ध्यानात राहिली नव्हती. राहिलं होतं ते दारापुढचं चिंचेचं झाड आणि धाकट्या भावाचं रडणं. त्या भावाचं पुढे काय झालं, हे ती कधी बोलली नाही.

हे सगळं मला सांगितलं आजीनं, म्हणजे तिच्या लेकीनं. ज्वारी निवडता निवडता ती सांगत जायची आणि रमाबाईंचा विषय निघाला की सूप खाली ठेवायची. आमच्यात त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या मुली शहरात एकत्र ठेवायला सरकारची मनाई होती. दौंडच्या वाटेवर केडगावला बाईंनी आधीच सुमारे 100 एकर जमीन घेऊन ठेवली होती, फळबागेसाठी. (नगरजवळचं केडगाव ते वेगळं.) त्या उघड्या माळावर, आधी झोपड्यांमध्ये, जवळपास 300 मुलींचा संसार उभा राहिला. तेच मुक्ती सदन.

आल्या आल्या मुलींना पोटभर जेवण द्यायचं नाही, पातळ पेज द्यायची, असा तिथला शिरस्ता, असं आजी सांगे. उपाशी आतड्याला एकदम अन्न सोसत नाही. पुढे भाकरी मिळू लागली तेव्हा पणजी अर्धी खायची आणि अर्धी घोंगडीखाली लपवायची. उद्या मिळेल याची खात्री कोणी द्यायची? एके रात्री मुंग्या लागल्या आणि चोरी उघड झाली. त्या खोलीतल्या मुली ज्यांच्याकडे सोपवल्या होत्या, त्या रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदनातून आलेल्या एक ब्राह्मण विधवा. त्यांनी घोंगडी झटकली, चतकोर उचलला आणि दुसऱ्या दिवशी झाकणाचा एक डबा आणून पणजीच्या हातात दिला. "यात ठेव, मुंग्या लागायच्या नाहीत." रागावणं नाही, उपदेश नाही. याच विधवा बाईंनी पणजीच्या डोक्यातल्या उवा काढल्या, अंगावरची खरूज कडुनिंबाच्या पाण्यानं धुतली. पणजीची जात कोणती, हे पणजीलाच ठाऊक नव्हतं, मग त्यांना कुठून असणार?

मला या डब्यामागे रमाबाईंचा हात दिसतो, कारण भाकरीच्या एका तुकड्याचं मोल त्यांनी स्वतः भोगलं होतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब पुराणं सांगत देशभर हिंडलं आणि 1874 च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात सापडलं. आधी वडील गेले. मग आई अंथरुणाला खिळली. रमाबाई शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, पण लाजेनं तोंडून शब्द फुटेना. तुकडा मिळाला तोवर आईला खाण्याची ताकद उरली नव्हती. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

पुढचं आयुष्य सर्वांच्या माहितीचं. कलकत्त्यात पंडितांनी केलेला गौरव, बिपिनबिहारी मेधावींशी जातीबाहेरचं लग्न, लेक मनोरमेचा जन्म आणि लगेच 1882 त वैधव्य. इंग्लंडला गेल्यावर 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं होतं. समाजानं टाकून दिलेल्या स्त्रियांना या भगिनी मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिल्या. या अशा का वागतात, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाण्याला आलेली, गावानं नावं ठेवलेली ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. ख्रिस्त हा पडलेल्यांना उचलणारा आहे, ही खूणगाठ रमाबाईंनी तिथे बांधली.

पण बाप्तिस्म्याच्या पाण्यानं माणूस एका सकाळी बदलतो, असं मानणाऱ्यांनी रमाबाईंचा पुढचा प्रवास नीट पाहावा. त्या भगिनींशी धर्ममतांवरून कडाडून भांडल्या. मांसाहार त्यांनी जन्मभर केला नाही. 1889 त मुंबईत शारदा सदन काढलं ते प्रामुख्यानं उच्चवर्णीय विधवांसाठी आणि तिथे ज्यांना सोवळंओवळं पाळायचं त्यांना पूर्ण मुभा होती. पुढे सदन पुण्याला आलं. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून 1893 त गहजब झाला, अनेकांनी मुली काढून नेल्या, भांडारकर-रानड्यांसारख्या सुधारकांनी पाठिंबा काढून घेतला. पालकांची भीती मी खोटी म्हणणार नाही. धर्माबाबत तटस्थ राहण्याचा शब्द मोडल्याचं दुःख त्यांना खरोखरच झालं असणार. पण त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला, हेही विसरून चालणार नाही.

याच काळात आतून काहीतरी हललं होतं. आपल्याला धर्म सापडला, ख्रिस्त मात्र बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी सापडला, असं रमाबाईंनी पुढे आपल्या 'साक्ष' या आत्मकथनात सांगितलं. त्या वाक्यापाशी मी दरवेळी थांबते. बुद्धीला पटलेलं काळजात उतरायला एवढ्या विदुषीलाही आठ वर्षं लागली. आणि काळजात उतरलं याचा पुरावा मला त्यांच्या लेखनात शोधावा लागत नाही, तो 1896 च्या दुष्काळात मिळतो. तोवर दार निवडक घरांसाठी उघडं होतं. त्यानंतर शेतमजुरांच्या पोरी, म्हाताऱ्या, आंधळ्या, फसवल्या गेलेल्या, सगळ्या आत आल्या. शास्त्र्यांच्या लेकीनं स्वतः दुष्काळी मुलखात फिरून त्यांना गोळा केलं. फुलहॅमला जे पाहिलं ते तेरा वर्षांनी केडगावच्या माळावर उगवलं.

1900 च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि मुक्तीतली वस्ती दीड हजारावर गेली. माग चालू होते, शेती होती, गाईगुरं होती, छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला, त्याचे खिळे जुळवणारे हात या मुलींचेच. पण आजीला छापखान्याचं कौतुक कमी. ती सांगायची ते असं : गुजरातेतल्या मुली आल्या त्या दिवशी पणजीनं आपला डबा उघडला. तीन वर्षं झाली होती, पोटाची भीती केव्हाच सरली होती, तरी डब्यात तुकडा असायचाच. एक मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिची भाषा हिला कळेना, हिची तिला. पणजीनं भाकरी तिच्यापुढे ठेवली आणि डबाही तिथेच ठेवून उठली. माझ्या मते पणजीचं ख्रिस्ती होणं तिथे घडलं. पाळकांच्या वहीत तारीख कोणतीही असो.

मनोरमाबाई 1921 त गेल्या आणि 5 एप्रिल 1922 ला बाई गेल्या. पणजी तोवर लग्न होऊन नगरकडे आली होती. बाळंतपणं करायला ती केडगावातच शिकली. 1918 च्या इन्फ्लुएन्झात गावात घरटी माणूस आडवा झाला, तेव्हा ती मोठ्या पातेल्यात पेज करून दारोदार फिरली. एरवी तिच्या हातचं पाणी न घेणाऱ्या घरांनीही ती घेतली. साथ ओसरल्यावर त्यांतल्या काहींनी पुन्हा अंतर धरलं. पणजीनं मनाला लावून घेतलं नाही, असं आजी म्हणायची. मला ते पटत नाही. लागलं असणारच.

तरीही पुढे त्यांतल्याच एका घरची सून अडली आणि मध्यरात्री तिचा दीर कंदील घेऊन आमच्या दाराशी आला, तेव्हा पणजीनं तिथल्या तिथे पदर खोचला. सासूनं तिला मागच्या दारानं आत घेतलं. मूल पायाळू होतं. उजाडता उजाडता सुटका झाली, बाळ-बाळंतीण दोन्ही वाचली. बारशाला मात्र पणजीला पुढच्या दारानं बोलावणं आलं. त्या घराशी आमचं येणंजाणं अजून आहे. नाताळच्या करंज्या आधी त्यांच्याकडे जातात, मग पाळकसाहेबांकडे.