आधी ठसा, मग शुद्ध प्रत

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. फारुकी राजांची वंशावळ सांगून तो मशिदीच्या निर्मितीची मिती देतो : शके १५११, विरोधी संवत्सर, पौष मास, म्हणजे इ. स. १५९० चा आरंभ. त्याच्या पाचच वर्षे आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. तापीकाठचा शब्द दगडावर होता म्हणून राहिला. गोदाकाठचा शब्द कागदावरून कागदावर उतरत गेला, आणि दर नकलेत काही ना काही बदलला. या दोन गोष्टी आम्हांला एकत्र आठवल्या त्या एका तिसऱ्याच वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे आमच्या कपाटांतून पडून असलेली ध्वनीची तबकडी, अर्थात सीडी.

शिलालेखाचा अभ्यासक दगडावर ओला कागद बसवून, तो ब्रशने ठोकून, वर शाई लावून ठसा घेतो. ठशात अक्षर उमटते तसा दगडाचा टवकाही उमटतो. पुढे वाचन करताना तुटलेले अक्षर तो अनुमानाने भरतो, पण कंसात. मूळ कोणते आणि अनुमान कोणते, हे वाचकाला कळते. सीडीच्या बाबतीत नेमका हा कंसच हरवतो.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये या तबकडीचे प्रमाण ठरवले, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये ती जपानच्या बाजारात आली. तिच्यावर नाद अंकरूपाने असतो : डाव्या व उजव्या बाजूचे दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. तबकडीवर ओरखडे उमटणारच, हे धरून मूळ अंकांच्या जोडीला काही जादा अंक विखरून लिहिलेले असतात. त्यांच्या आधारे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची खोट पुरती भरून निघते. खोट त्याहून मोठी असेल तर यंत्र शेजारच्या नमुन्यांवरून मधला नमुना अंदाजाने घडवते, आणि ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. ऐकण्यासाठी ही योजना उत्तम आहे. जतनासाठी ती धोक्याची आहे. कारण अंदाज मुळासारखाच ऐकू येतो.

दस्तऐवजांची सीडी आणि गाण्यांची सीडी दिसायला सारख्याच. परंतु पहिलीत २,३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडातले २,०४८ बाइट मजकुराचे असतात, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक चूक ओळखण्यास व सुधारण्यास राखलेले असतात. दुसरीत सेकंदाला असे ७५ खंड, आणि ते सगळे नादानेच भरलेले. शिवाय ध्वनीच्या खंडाची जागा यंत्राला काटेकोर सापडत नाही. एक ड्राइव्ह काही नमुने आधी वाचू लागतो, दुसरा काही नमुने नंतर. त्यामुळे एकाच तबकडीच्या दोन नकला कानाला सारख्या वाटूनही अंकशः भिन्न निघतात.

या अडचणीवर १९९८ मध्ये जर्मनीतील आंद्रे वीथोफ यांनी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम सिद्ध केला. तो प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा वाचतो, वाचने जुळेपर्यंत थांबतो, आणि न जुळल्यास कोणत्या क्षणी शंका राहिली ते नोंदवतो. हरवलेला कंस येथे परत मिळतो. पुढे ‘अ‍ॅक्युरेटरिप’ या सोयीमुळे एकाच प्रकाशित सीडीच्या ठिकठिकाणी झालेल्या नकलांचे चेकसम ताडून पाहता येऊ लागले. चेकसम म्हणजे सगळ्या अंकांवरून काढलेला ताळा. अनोळखी माणसांचे ताळे एकमेकांशी जुळले, तर प्रत मुळाबरहुकूम आहे असे मानण्यास हरकत नाही. एकनाथांनी अनेक प्रती ताडल्या, त्याच जातीचे हे काम आहे.

प्रकाशित नाट्यसंगीताच्या सीडीला अशा साक्षीदार प्रती मिळतील. आमची खरी चिंता निराळी आहे. व्याख्याने, कीर्तने, घरातल्या वृद्धांच्या ओव्या २००० नंतरच्या दशकात कॅसेटींवरून कोऱ्या सीडींवर उतरवल्या गेल्या, आणि आता पक्के काम झाले म्हणून कितीतरी कॅसेटी टाकून दिल्या गेल्या. या तबकडीतली नोंद रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा तिला सोसत नाही, आणि निमाडचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा सीडीला दुसरी प्रत नाही, म्हणून साक्षीदारही नाही. ती निदान दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचावी, जागेचा फरक दुरुस्त करून दोन्ही ताळे जुळवावेत, आणि शंकास्थळांची नोंद नकलेसोबतच ठेवावी. फाइल एमपी३ स्वरूपात नको, कारण त्यात नादाचा काही अंश कायमचा गाळला जातो; वेव्ह किंवा २००१ मध्ये आलेले फ्लॅक हे स्वरूप घ्यावे. प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा ताळा पुन्हा घ्यावा.

घाई एका गोष्टीची करू नये. खरखर काढणे, आवाज उजळणे हे नंतरचे आणि निराळ्या प्रतीवरचे काम आहे. ठसा आधी घ्यावा. शुद्ध प्रत त्यानंतर. एकनाथांपुढे ताडून पाहायला अनेक पोथ्या होत्या. आमच्यापुढे एकच तबकडी आहे, आणि तिच्यावर बोलणाऱ्या माणसांपैकी पुष्कळजण आता पुन्हा बोलणार नाहीत. तापीकाठच्या या गावात ज्या मराठीत ती माणसे बोलली, तिची त्या सुरातली दुसरी साक्ष बहुधा कोठेही नाही. नव्या संगणकांत सीडीचा ड्राइव्हही क्वचितच असतो. म्हणून कपाट उघडायचे ते याच वर्षी, येत्या उन्हाळ्याच्या आत.