उन्हाळ्याची सुटी आणि समुद्रकाठचे शहर

‘उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रकाठच्या कोणत्या शहरी जावे’ असा विषय मी यंदाच्या वसंत व्याख्यानमालेसाठी घेतला, तेव्हा काही मित्रांना नवल वाटले. कामगार चळवळीतल्या माणसाने वेतनावर बोलावे, बोनसवर बोलावे. हवापालटाशी त्याचा संबंध काय, असे त्यांनी विचारले. संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. कोणत्या शहरी जावे हा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्या हाती सुटी असते, गाडीभाडे असते आणि परत आल्यावर काम शाबूत असते. या तिन्ही गोष्टी कोणालाही आपोआप मिळालेल्या नाहीत. म्हणून शहराचा विचार करण्यापूर्वी आपण या तीन गोष्टींचा इतिहास पाहू.

प्रथम आपण कोठे आहोत ते पाहावे. नकाशावर परभणीतून सरळ पश्चिमेकडे रेघ ओढली, तर ती मुंबई आणि वसई यांच्या दरम्यान अरबी समुद्राला मिळते. तीच रेघ पूर्वेकडे नेली, तर ओडिशाच्या किनाऱ्यावरील गोपाळपूरला पोचते. पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर, तर पूर्वेचा त्याच्या दुपटीहून थोडा अधिक. परंतु झरीच्या शिवारात पडणारे पावसाचे पाणी जवळचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राकडे जाते. दुधना, पूर्णा आणि गोदावरी या वाटेने ते बंगालच्या उपसागराला मिळते. पाण्याची वाट पूर्वेची आणि माणसांची पश्चिमेची, असे आपल्या मुलखाचे आहे.

ही पश्चिमेची वाट फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात पैठण आणि तेर या दोन्ही नगरांचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर तेथून आणखी दहा दिवसांवर, असे तो सांगतो. तेथून माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी बंदरावर नेत. म्हणजे गोदाकाठचे कापड सातासमुद्रापलीकडे जात होते. ते विणणारा मात्र समुद्र पाहत होता असे मानण्यास काही आधार नाही. समुद्र ही व्यापाराची जागा होती. सामान्य माणसाने समुद्र पाहिला तो यात्रेच्या निमित्ताने. द्वारका, जगन्नाथपुरी आणि रामेश्वर ही तिन्ही क्षेत्रे समुद्रालगतचीच आहेत, आणि आपल्याकडचे म्हातारेकोतारे समुद्राला ‘पाहिला’ असे न म्हणता ‘समुद्रस्नान घडले’ असे म्हणत, त्याचे कारण हेच.

पुढे राजकारणाने आपला समुद्र आणखी दूर नेला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याला एके काळी पूर्व किनारा होता. १७६६ च्या तहाने निजामाने उत्तर सरकार हा किनारपट्टीचा मुलूख इंग्रजांच्या कंपनीकडे दिला, आणि १७८८ मध्ये गुंटूरही गेले. तेव्हापासून हैदराबाद हे चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले राज्य झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे परभणीचा माणूस १९५६ साली प्रथम समुद्र असलेल्या राज्याचा नागरिक झाला. आज शाळेतली मुले महाराष्ट्राचा सातशेहून अधिक किलोमीटरांचा किनारा पाठ करतात. तो आपला म्हणून पाठ करण्याचा हक्क त्यांच्या आजोबांना बालपणी नव्हता.

समुद्रावर विश्रांतीसाठी जाण्याची चाल मात्र इकडची नव्हे. १७५० च्या सुमारास रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने समुद्राचे पाणी रोगावर उपयोगी असल्याचा ग्रंथ लिहिला, आणि श्रीमंत रोगी ब्रायटनला जाऊ लागले. रोग्यांमागून निरोगीही गेले. १८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनला रेल्वे पोचली आणि साध्या माणसालाही एका दिवसात समुद्र पाहून परत येणे जमू लागले. १८७१ च्या कायद्याने तेथे बँकांना वर्षातून काही ठरावीक सुट्या मिळाल्या आणि त्यांच्या पाठोपाठ इतर व्यवहारही त्या दिवशी बंद राहू लागले.

पण कामगाराची खरी गोष्ट लँकेशायरची आहे. तेथील कापडगिरण्यांची गावे वर्षातून एक आठवडा सबंध बंद होत. गिरणी बंद, दुकाने बंद, आणि सारे गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर जाई. एका गावाचा आठवडा संपला की दुसऱ्याचा सुरू होई. हा आठवडा बराच काळ बिनपगारी होता. म्हणून गिरणीतले स्त्री-पुरुष वर्षभर थोडे थोडे पैसे एका मंडळीत जमा करीत आणि सुटीच्या आदल्या दिवशी वाटून घेत. आपण त्याला भिशी म्हणू. १९३८ मध्ये ब्रिटिश संसदेने भरपगारी रजेचा कायदा केला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९३६ च्या जूनमध्ये, फ्रान्समधील कामगारांनी मोठा संप करून दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळवली होती, आणि त्यांच्यासाठी रेल्वेचे भाडे ४० टक्क्यांनी कमी करण्यात आले. त्या उन्हाळ्यात अनेक कुटुंबांनी जन्मात प्रथम समुद्र पाहिला. याच साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वर्षाच्या नोकरीमागे किमान सहा दिवस भरपगारी रजा असावी, असा करार संमत केला.

लँकेशायरच्या त्या गिरण्यांशी आपलेही नाते आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरकडे लोटला. या काळ्या जमिनीतला कापूस समुद्रापार गेला, त्याच्या कापडावर गिरणगावे पोसली, त्या गावांनी सुटी मिळवली. कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत मात्र ती सुटी अजून आलेली नाही.

आपल्या देशात हा लढा प्रथम मुंबईत झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. त्यांच्या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या आणि आठवड्याला एक दिवस सुटी ही त्यातली एक मागणी होती. सुटी मिळण्यास आणखी सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी दुपारी निवांत वामकुक्षी करणाऱ्या प्रत्येकाने लोखंडे यांचे नाव एकदा तरी घ्यावे.

आठवड्याची सुटी आली, तरी वर्षाची रजा यायची होती. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस, म्हणजे किमान बारा दिवस रजा दिली. २०२० च्या संहितेने २४० दिवसांची अट १८० वर आणली. केंद्र सरकारच्या नोकरांना १९५६ पासून रजेच्या प्रवासाची सवलत मिळाली. सुटी आणि भाडे हे दोन्ही एकत्र मिळालेला आपल्याकडचा पहिला मोठा वर्ग तो हाच. आपल्या गावातून समुद्रावर जाऊन आलेल्या कुटुंबांची यादी केली, तर त्यात पगारदार अधिक सापडतील. ते हौशी आणि बाकीचे अरसिक, असे त्याचे कारण नाही.

आता शहराकडे वळू. समुद्र म्हटले की आपल्या तोंडी मुंबई येते. परंतु मुंबई हे बेट आहे, किंबहुना सात बेटे भर घालून आणि बांध घालून जोडलेली आहेत. तेथे आपला माणूस पोट भरण्यास जातो, दवाखान्यात जातो, मंत्रालयात जातो. विश्रांतीला मुंबईची निवड करणे म्हणजे बाजारात झोपायला जाणे होय. मुख्य भूमीवरचे शहर पाहायचे, तर पूर्वेला विशाखापट्टणम आहे. नांदेडहून तेथे थेट गाडी जाते; डोंगर आणि समुद्र तेथे शेजारी आहेत. पण अंतर फार, आणि आठ दिवसांच्या रजेतला बराच वेळ प्रवासात जातो. अलिबाग सुंदर आहे, मुख्य भूमीवर आहे, तथापि ते मुंबईकरांच्या हाताशी असल्याने सुटीच्या दिवशी तेथील दर आपल्या हाताबाहेर जातात.

माझे मत रत्नागिरीकडे झुकते. एक तर वाट सुधारली आहे. परभणीहून मुंबईकडे जाताना मनमाडला गाडी बदलण्याचे दिवस माझ्या पिढीने पाहिले, ते गेले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर या वाटेचा महामार्ग रत्नागिरीलाच जाऊन पोचतो. शहर लहान आहे, पायी हिंडता येते. मांडवी आणि भाट्ये येथे किनारा आहे, रत्नदुर्ग आहे, मुलांना दाखवण्यास झाडगावचे मत्स्यालय आहे, आणि मे महिन्यात आंबा आहे.

दुसरे कारण इतिहासाचे. ज्या शहरी आज आपण आवडीने जाऊ, तेथे एके काळी माणसांना सक्तीने ठेवले गेले. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी राज्य घेऊन १८८६ मध्ये रत्नागिरीत आणले आणि १९१६ मध्ये तो तेथेच वारला. सावरकर १९२४ ते १९३७ तेथे स्थानबद्ध होते. समुद्र तोच, वारा तोच. परंतु परतीची वाट आपल्या हाती नसेल तर समुद्रकाठही तुरुंग होतो. आणि तिसरे कारण माझ्या धंद्यातले. मुंबईच्या गिरण्या चालवणाऱ्यांत सर्वाधिक लोक जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे. तो चाकरमानी रजा घेऊन मे महिन्यात समुद्रकाठी जाई, पण वाळूत बसण्यास नव्हे. पावसाआधी घर शाकारण्यास आणि शेताची भाजणी करण्यास. लोखंडे ज्यांच्यासाठी झगडले त्यांचे हे घर. ते आपण पाहून यावे.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. किनाऱ्यावर तो पस्तिशीच्या आत राहतो, पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून मतलई वारे समुद्राकडे वाहतात. तेव्हा दुपारनंतरचा वारा घ्यावा. भरती दिवसातून साधारण दोनदा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. आपण विहिरीत आणि नदीत पोहणारी माणसे. ओहोटीची ओढ आपल्याला ठाऊक नसते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी तेथल्या कोळ्याला विचारावे आणि त्याने नको म्हटले तर उतरू नये.

आता शेवटचा मुद्दा. आपल्यापैकी काहीजण मेमध्ये रत्नागिरीला जातील. त्यांच्या मागे गावात कोण राहील? मोंढ्यातला हमाल राहील. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याच्यासाठी भरपगारी रजेची तरतूद करण्याचा मार्ग मोकळा केला, पण ज्याची नोंद नाही त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. दुकानातला पोरगा राहील. १९४८ च्या दुकाने कायद्याने त्याला भरपगारी रजा दिली होती. २०१७ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता झाला, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्याचे ठरवले. लहान दुकान कायद्याबाहेर गेले आणि त्याबरोबर त्या पोराची रजाही गेली. उसाच्या फडावरून परतलेले जोडपे राहील. कोणी म्हणेल, त्यांना तर मे महिनाभर कामच नसते, मग सुटीच की. कामावाचून बसणे आणि सुटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुटीत चूल पेटलेली असते. रिकामपणात मुकादमाची पुढची उचल खाऊन दिवस काढावे लागतात.

आणि सालगडी राहील. त्याचे साल पाडव्याला ठरते. धान्य किती, रोकड किती, कपडे किती, सारे बोलले जाते. खाडा झाल्यास किती कापायचे हेही बोलले जाते. रजा किती, हे मात्र बोलले जात नाही. त्याला कोणताही कायदा आड येत नाही. या सभागृहात सालगडी ठेवणारे शेतकरी आहेत, नोकर ठेवणारे दुकानदार आहेत. पुढच्या पाडव्याला साल ठरवताना आठ दिवसांची भरपगारी रजा असा एक शब्द त्यात घालावा. दुकानदारांनी कायद्याची वाट न पाहता जुन्या कायद्यातली रजा चालू ठेवावी. आणि हमालांनी, शिक्षकांनी, दुकानातल्या नोकरांनी मिळून वर्षाची एक प्रवासाची भिशी घालावी. एका बसचे भाडे आणि चार रात्रींचा निवारा त्यातून निघेल. लँकेशायरच्या गिरणीगावांना हे जमले, तेव्हा त्यांच्या हाती आपल्यापेक्षा फार काही अधिक नव्हते. मग कोणत्या शहरी जावे हा प्रश्न सबंध गावाचा होईल, आणि रत्नागिरी की विशाखापट्टणम यावर आपण पारावर बसून मनसोक्त वाद घालू.