जस्ती पत्रा

जस्ती पत्रा म्हणजे गंजापासून संरक्षण व्हावे म्हणून दोन्ही बाजूंनी जस्ताचा पातळ लेप दिलेला पोलादी पत्रा होय. घरे, गोठे, गोदामे व कारखाने यांच्या छपरांसाठी तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. पत्र्याचे बळ पोलादात असते, परंतु त्याचे आयुष्य मुख्यतः लेपावर अवलंबून असते. त्यामुळे खरेदी आणि दुरुस्ती या दोन्ही वेळी लेपाची माहिती महत्त्वाची ठरते.

इतिहास

इंग्लिश अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचे एकस्व मिळवले. पन्हळीमुळे पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो आणि छपरावरील पाणी सहज वाहून जाते. साधे लोखंड मात्र लवकर गंजत असे. १८३७ मध्ये फ्रान्समधील स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. या दोन शोधांच्या संयोगातून आजचा छपराचा पत्रा घडला. पुढे घडीव लोखंडाची जागा पोलादाने घेतली.

लेपाचे कार्य

स्वच्छ केलेला पत्रा सुमारे ४५०° से. तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिला जातो. हा लेप दोन प्रकारे संरक्षण करतो. एक म्हणजे तो हवा व पाणी पोलादापर्यंत पोहोचू देत नाही. दुसरे म्हणजे लेपाला चरा पडून पोलाद उघडे झाले, तरी ओलाव्यात आधी जस्त झिजते व शेजारचे पोलाद वाचते. त्यामुळे अरुंद चरे व कापलेल्या कडा लगेच गंजत नाहीत. जस्त संपल्यावर मात्र हे संरक्षण थांबते.

प्रकार

* जस्तलेपित पत्रा : यावर केवळ जस्ताचा लेप असतो.
* ॲल्युमिनियम-जस्त लेपित पत्रा : लेपात वजनाने सुमारे ५५% ॲल्युमिनियम, ४३.४% जस्त व १.६% सिलिकॉन असते. हा लेप सावकाश झिजतो. मात्र उघड्या पोलादाचे रक्षण करण्याची त्याची क्षमता शुद्ध जस्तापेक्षा कमी असते.
* रंगीत पत्रा : वरीलपैकी एखाद्या लेपावर कारखान्यातच रंगाचे थर दिलेले असतात.

खरेदी

बाजारात पत्र्याची जाडी मिलिमीटर किंवा गेजमध्ये सांगितली जाते. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ असतो. सांगितलेली जाडी केवळ पोलादाची आहे की लेप व रंग धरून आहे, यानुसार प्रत्यक्ष पोलाद कमीअधिक असू शकते.

लेपाचे प्रमाण दोन्ही बाजू मिळून प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये दिले जाते. २७५ ग्रॅम लेप म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे ०.०२ मिमी, तर १२० ग्रॅम लेप म्हणजे ०.०१ मिमीहूनही कमी जस्त होय. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. ०.५० मिमी जाडीच्या सपाट पत्र्याचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे ३.९ किग्रॅ भरते. त्यामुळे वजनकाट्यावर जाडी पडताळता येते, परंतु लेप पडताळता येत नाही. त्यासाठी पत्र्यावरील छाप व उत्पादकाचे चाचणी प्रमाणपत्र पाहावे लागते. जस्ती पत्र्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २७७ हे मानक आहे.

पत्रे एकमेकांवर चढवून बसवले जात असल्याने छपरावर झाकली जाणारी रुंदी प्रत्यक्ष रुंदीपेक्षा कमी असते. पत्र्यांची संख्या झाकणाऱ्या रुंदीवरून काढली जाते. कोकणासारख्या किनारी प्रदेशात खाऱ्या हवेमुळे लेप लवकर झिजतो. तेथे अधिक लेपाचा पत्रा उपयुक्त ठरतो.

पृष्ठभागाचे किरकोळ नुकसान

पांढरा गंज : रचून ठेवलेल्या पत्र्यांमध्ये पाणी अडकले व हवा खेळती राहिली नाही, तर जस्तावर पांढरी भुकटी जमते. पत्रे छताखाली, जमिनीपासून वर व थोडे तिरके ठेवल्यास हे टळते. सौम्य डाग पत्रे सुटे करून वाळवल्यास वाढत नाहीत. भुकटी मऊ ब्रशने काढली जाते. तारेच्या ब्रशने उरलेले जस्तही खरवडले जाते.

चरे : रंगीत पत्र्यावरील बारीक चरा केवळ रंगापुरता असल्यास त्यास दुरुस्तीची गरज नसते. पोलाद उघडे पडले असल्यास जागा स्वच्छ व कोरडी करून तेवढ्याच भागावर जस्तयुक्त रंग लावतात. मोठ्या भागावर फवारलेला रंग कारखान्यातील रंगापेक्षा लवकर फिका पडतो व ठिगळ दिसू लागते.

पोचे : लेप शाबूत असल्यास पोच्यामुळे गंज लागत नाही, मात्र तेथे पाणी साचू नये. हातोडीने पोचा काढताना लेपाला तडे जाण्याचा संभव असतो.

लोखंडाचा कीस : भोके पाडताना उडालेला कीस ओला होऊन तांबूस डाग पाडतो. तो त्याच दिवशी झाडून काढणे पुरेसे असते. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी लेप जळत असल्याने पत्रा कात्रीने कापणे श्रेयस्कर मानले जाते.

चुकीची भोके : ती रबरी वायसरच्या स्क्रूने किंवा सीलंटने बंद करतात. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉन सीलंटमधील आम्ल जस्ताला अपायकारक असते.

तांबूस गंज पसरून पत्रा पातळ झाला असल्यास रंगाने त्याचे बळ परत येत नाही. असा पत्रा पायाखाली फाटून अपघात होऊ शकतो. म्हणून तो बदलणेच सुरक्षित असते.